मदत हवी आहे: लॅक्टोबॅसिलस लायसेटचं क्रीम पातळ होतंय

100 ग्रॅम क्रीममध्ये 3 ग्रॅम लायसेट, मिश्रण 40 अंशांखाली आल्यावरच घातलेलं. (लायसेट म्हणजे फोडलेल्या, मृत जिवाणूंचा अर्क. जिवंत जिवाणू पाण्याच्या क्रीममध्ये घालण्यात अर्थ नाही, प्रिझर्व्हेटिव्ह त्यांनाच मारतं.) प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेंझोएट 0.5 ग्रॅम, लॅक्टिक ॲसिडने पीएच 5. सांगलीच्या उन्हाळ्यात तिसऱ्या आठवड्याला पीएच 5.8, वर पाण्याचा थर, झाकण उघडताच कुबट वास. डबी फेकलीच. पीएच 5 च्या वर बेंझोएट झपाट्याने निकामी होतं, हे कळलं. पण पातळपणा कशाने? क्रीम दाट करायला घातलेला कार्बोमर क्षारांपुढे ढिला पडतो, म्हणून संशय लायसेट आणि बेंझोएटमधल्या क्षारांवर आहे. कार्बोमरऐवजी 0.3 टक्के झँथन गम घेतला तर क्रीम चिकट लागेल का? पीएच 4.8 ला धरून ठेवायला लॅक्टेट बफर किती घालता? कृपया प्रमाणासकट सांगा.