टीएस फाईल: आधी कापा, मग रूपांतर

टीव्हीवरून घेतलेल्या विसर्जन मिरवणुकीच्या रेकॉर्डिंगचं, म्हणजे टीएस फाईलचं (प्रक्षेपण जसंच्या तसं साठवणारी व्हिडिओ फाईल), एमपी४ केल्यावर हलत्या चित्रात आडव्या रेघा दिसतात, असं तुम्ही म्हणता. लक्ष्मी रस्त्यावरच्या ढोलपथकाचं टिपरू वर गेलं की त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात, तेच ना? फाईल खराब नाही. आपलं साधं, एचडी नसलेलं प्रक्षेपण इंटरलेस्ड असतं: सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात सम ओळी, पुढच्यात विषम. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये डिइंटरलेस (या ओळी जुळवणारा फिल्टर) चालू करून 'बॉब', म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करणारा पर्याय, निवडा आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ५० ठेवा. २५ वर ठेवलात तर रेघा जातील, पण ढोलाची लय डोळ्यांना अडखळत दिसेल, आणि मिरवणुकीत तीच तर बघायची असते!

जाहिराती मात्र त्याआधीच काढा, लॉसलेसकट या व्हिडिओ कापायच्या प्रोग्रॅममध्ये. तिथे चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम झटपट होतं. फक्त कट की-फ्रेमवरच (ठरावीक अंतराने येणाऱ्या, पूर्ण साठवलेल्या चित्रावरच) नीट बसतो, म्हणून सुरुवातीला सेकंदभर जास्त ठेवा. मग हँडब्रेकमध्ये रूपांतर करताना क्वालिटी आरएफ २० पुरे (आरएफ हा दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला).

मूळ टीएस फाईल कृपया पुसू नका. असं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही.