हील्स विकताना आधी पाय मोजा, गिऱ्हाईक बाई आहे का पुरुष ते नंतर बघा

पर्वतीपायथा:
गेल्या आठवड्यात लग्नखरेदीच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं की संगीतला घालायला पुरुषांच्या मापाच्या तीन इंची हील्स पुण्यात कुठे मिळतील. त्याला उत्तरं आली ती दोनच प्रकारची, एक "कशाला पण?" आणि दुसरं "हील्स म्हणजे पायाची वाट, बायकांचा नाईलाज असतो, तू कशाला दुखणं विकत घेतोयस". पहिल्याचं उत्तर, त्याला आवडतात म्हणून, विषय संपला. दुसऱ्यावर मात्र बोलायलाच हवं.

मी पुरुष आहे आणि हील्स घालतो, एरवी ब्लॉक हीलचे, म्हणजे जाड टाचेचे बूट आणि कार्यक्रमाला घोट्याशी पट्टा असलेल्या सँडल. माझं ठाम मत आहे की पायाची वाट लागते त्यात उंचीपेक्षा चुकीच्या फिटिंगचा हात मोठा असतो, आणि फिटिंग चुकतं कारण आपल्याकडे दुकानात कोणी पायच मोजत नाही. लक्ष्मी रोड घ्या, कॅम्पातला एमजी रोड घ्या नाहीतर मॉल घ्या, सेल्समन विचारणार "नंबर?", आपण सपाट चपलेचा नंबर सांगणार, तो डबा काढणार, आपण चार पावलं टाकणार आणि बिल. अहो सपाट चपलेत पाय आहे तिथे राहतो, हीलमध्ये वजन चवड्यावर येतं आणि पाय पुढे घसरतो. बोटं चेपली की माणूस म्हणतो लहान होतंय, एक नंबर मोठा द्या, आणि घोळ तिथेच होतो. मोठ्या नंबरात पाय अजून पुढे जातो, बोटं टोकात जाऊन अडकतात, मागे टाच सुटते, मग ती सुटू नये म्हणून बोटं आवळून चालायचं. करंगळीवर कुरूप होतं, अंगठ्याच्या मुळाशी आधीच हाड वाढलेलं असेल तर ते ठणकायला लागतं, आणि खापर फुटतं हीलवर.

बघायचं असतं ते टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर. दोघांचं पाऊल तेवढ्याच लांबीचं असलं तरी एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असतात, म्हणजे बूट वाकायची जागा दोघांना वेगळी लागते. तो सांधा बुटाच्या सगळ्यात रुंद भागात बसला पाहिजे. मग पायाच्या कमानीखाली बघा, तिथे बूट तळव्याला टेकत नसेल आणि पोकळी राहत असेल तर सगळा भार चवड्यावर, असा जोड कितीही देखणा असला तरी परत ठेवायचा. पाय संध्याकाळी मोजायचा कारण दिवसभरात तो थोडा सुजतो, आणि दोन्ही पाय मोजायचे, जो मोठा त्याच्या मापाने घ्यायचं.

पुरुषांची गंमत अशी की एवढं सगळं करायची वेळच येत नाही. बायकांच्या हील्स बहुतेक ठिकाणी ४० किंवा ४१ ला संपतात, आपल्याकडे पुरुषांचा ८-९ नंबर म्हणजे ४२-४३. कसाबसा ४१ मध्ये पाय कोंबला तरी चवडा अडकतो कारण साचाच अरुंद. आणि मुळात विचारलं की सेल्समन आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग शेजारच्या सेल्समनकडे. मला म्हणायचंय ते एवढंच की त्याने पायाकडे बघावं.

फिजिओताई:
फिटिंगबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे पण त्यावरून उंचीला क्लीन चिट देताय ते मला अजिबात मान्य नाही. माझ्याकडे जे पेशंट येतात त्यांचे बूट मापात असले तरी गुडघे दुखतात. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात केरिगन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, हील्स घालून चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा ताण वाढतो हे त्यांनी मोजून दाखवलं. मग सगळे म्हणाले पेन्सिल हील नको, जाड हील घ्या, तर २००१ मध्ये त्यांनीच जाड हीलवरही ताण वाढतो हे दाखवलं. म्हणजे "मी ब्लॉक हील घालतो" यात घोट्याला आधार मिळाला, तोल सावरला, पण गुडघ्याची सुटका नाही. आणि रोज घातल्या तर पोटरीचा स्नायू आखडतो, टाचेमागची शीर कडक होते, मग सपाट चपलेत उलट दुखायला लागतं आणि माणसाला वाटतं की हील्सच बऱ्या.

पुरुषांना तर मी जास्तच सांगेन, वजन जास्त असेल तर चवड्यावरचा भारही जास्त.

पर्वतीपायथा:
फिजिओताई, रोज आठ तास घाला असं मी कुठेच म्हटलेलं नाही. कार्यक्रमापुरत्या घालायच्या, येता-जाता सपाट बूट, आणि घरी आल्यावर पोटऱ्या ताणायच्या, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या. तुम्ही सांगितलेले अभ्यास ताण वाढतो असं सांगतात, कार्यक्रमाला हील्स घालणाऱ्या प्रत्येकाचे गुडघे झिजतात असं सांगत नाहीत.

फिजिओताई:
बरोबर, सांगत नाहीत. पण "कार्यक्रमापुरत्या" म्हणणारी माणसं लग्नसराईत महिनाभर कार्यक्रमातच असतात. दोन इंचांच्या वर जाऊच नका हे माझं मत मी बदलणार नाही.

जुनाकट्टा:
मला पुरुषांनी हील्स घालणं पटत नाही आणि ते मी सरळ सांगतो. कोणाला नावं ठेवायची नाहीत, ज्याचे पाय त्याचा निर्णय. पण पायताण हे चालण्यासाठी असतं, जमिनीवर पाय घट्ट राहावा म्हणून असतं. आमच्याकडे कोल्हापुरी पायताण, जाड चामडं, सपाट, पिढ्यानपिढ्या माणसं त्यावर शेतात आणि दरबारात दोन्हीकडे वावरली. बायकांनी हील्स घालायला लागणं हीच मुळात चूक होती असं मी मानतो, आणि आता ती चूक पुरुषांनीही करायची याला मी समानता म्हणणार नाही.

बेसिकस्टेप:
@जुनाकट्टा, काका, हील ही मुळात पुरुषांचीच. इराणमधले घोडेस्वार टाचेचे बूट घालायचे, रिकिबीत पाय अडकून राहावा आणि उभं राहून बाण मारता यावा म्हणून. सतराव्या शतकात ते युरोपच्या दरबारात पोचलं, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेलं चित्र बघा, राजाच्या बुटांना लाल टाचा आहेत. पुरुषांनी ती सोडली अठराव्या शतकात. फ्लेमेंको नाचणारे पुरुष आजही टाचेचेच बूट घालतात, लॅटिन डान्समध्ये पुरुषांच्या शूजना साधारण दीड इंचाची हील असतेच. मी शिकवतो, मला रोज दिसतं.

जुनाकट्टा:
राजे घालत होते म्हणून आपण घालावं हे काही मला पटणारं कारण नाही. राजे बरंच काही करायचे. घोड्यावर बसायला टाच लागत होती हे समजू शकतो, नाचायला लागते हेही समजू शकतो, तिथे तिला काम आहे. संगीतच्या स्टेजवर तिचं काम काय?

नळस्टॉप:
काका, भिकबाळीचं काम काय असतं? पुण्यात सणासुदीला निम्मी पोरं कानात भिकबाळी घालून फिरतात, त्यांना कोणी उपयोग विचारत नाही, शोभते म्हणतात. आणि ज्यांच्या नावाचं बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रोडला उभं आहे त्यांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा त्यांच्या साड्या आणि दागिन्यांची नक्कल घरोघरच्या बायका करायच्या. पुरुषाने काय नेसावं आणि घालावं याबद्दल आपण वाटतो तितके कडक कधीच नव्हतो.

जुनाकट्टा:
ती रंगभूमी होती, घराबाहेरची रोजची चप्पल नव्हती. पण भिकबाळीचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी नापसंती मात्र आहे तिथेच आहे.

अर्धीचप्पल:
मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय आणि ती मी जरा रागातच लिहितेय. धाग्यात "बायकांचा नाईलाज" हे वाक्य आलं आणि सगळे पुढे गेले. माझी पहिली नोकरी फ्रंट डेस्कची होती, तिथे काळ्या हील्स सक्तीच्या, उंची सुद्धा ठरलेली, दिवसभर उभं राहायचं आणि स्टूल मागितलं तर "दिसायला बरं दिसत नाही" असं उत्तर. पाय दुखतात म्हणून तक्रार करणारीला वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे. लंडनमध्ये २०१५ मध्ये निकोला थॉर्प नावाच्या रिसेप्शनिस्टला सपाट बूट घालून आली म्हणून घरी पाठवलं होतं, तिची याचिका ब्रिटिश संसदेपर्यंत गेली. २०१९ मध्ये जपानात युमी इशिकावाने याच विषयावर मोहीम चालवली. तेव्हा पुरुषांनी हौसेने हील्स घालाव्यात, जरूर घालाव्यात, पण ज्याला संध्याकाळी काढून ठेवता येतात त्याने "उंचीपेक्षा फिटिंगचा दोष मोठा" असं म्हणू नये. आमच्या मापाच्या होत्या हो त्या. मापाच्या असूनही दुखत होतं.

पर्वतीपायथा:
सक्ती चूकच, त्यावर दुमत नाही, कोणाच्याही पायात काय असावं हे साहेबाने ठरवू नये. पण मी ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यावर सक्ती नाहीये, त्याला घालायच्या आहेत आणि त्याला कोणी विकायला तयार नाही. हा दुसरा प्रश्न आहे आणि तोही खरा आहे. आणि तुमचा नंबर बरोबर होता यावर माझा विश्वास आहे, कमानीला आधार होता का, ते त्या कंपनीने बघितलं नसणार.

अर्धीचप्पल:
बघितलं असतं तरी दहा तास उभं राहून काही फरक पडला नसता. पडला असता असं तुम्हाला वाटतं, मला वाटत नाही.

लक्ष्मीरोडवाला:
नमस्कार, आमचं चपलांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. इथे सगळे दुकानदाराला दोष देताय म्हणून लिहितो. आम्ही माल सेटमध्ये घेतो, एका डिझाईनचा एका रंगाचा सेट, ३६ ते ४१, त्यात मधले नंबर जास्त येतात कारण तेच खपतात. ४२-४३ हवा असेल तर कारखानदाराला वेगळा साचा लागतो, वेगळी हील लागते, तो म्हणतो एवढे जोड घेणार असाल तर करतो. वर्षभरात चार गिऱ्हाईकं येणार, बाकीचा माल मी कुठे ठेवू? भाडं काय आहे लक्ष्मी रोडला माहितीये ना. दुसरं म्हणजे पाय मोजा म्हणताय, रविवारी दुकानात उभं राहायला जागा नसते, एका बाकावर आजी, सून, नात बसलेल्या असतात, तिथे एकेकाचा पाय धरून मोजत बसलो तर बाकीच्या शेजारच्या दुकानात जातील. आणि पुरुष गिऱ्हाईक बायकांच्या बाकावर बसून हील्स ट्राय करायला लागला की काही बायकांना अवघडल्यासारखं होतं हे मी बघितलेलं आहे, ते नाकारून चालणार नाही.

अर्धीचप्पल:
मला नाही होणार अवघडल्यासारखं. सेल्समन गालातल्या गालात हसायला लागतात त्याने होतं.

बेसिकस्टेप:
@लक्ष्मीरोडवाला, तुमचा हिशोब कळतो, पण मोजायला वेळ लागतो हे पटत नाही. कोऱ्या कागदावर उभं करायचं, पेन सरळ धरून पावलाभोवती रेघ मारायची, झालं. तो कागद सँडलच्या तळव्यावर ठेवला की रेघ बाहेर येतेय का ते लगेच कळतं. चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, देशभर लोकांचे पाय मोजले ते याच कारणाने, आपल्याकडे चवडे रुंद आणि नंबर मात्र ब्रिटिश नाहीतर युरोपियन, म्हणून त्यांनी 'भा' ही भारतीय नंबरांची पद्धत सुचवली.

ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याच्यासाठी माझ्या अनुभवातलं लिहितो. पहिल्याच खेपेला बारीक टाचेच्या घेऊ नकोस, दोन-अडीच इंची जाड हील आणि घोट्याला पट्टा, पट्ट्याशिवाय पाय आत राहणार नाही. प्लॅटफॉर्म असेल तर हिशोब वजाबाकीचा, मागे चार इंच आणि पुढे एक इंच म्हणजे पायाला तीनच इंच चढ पडतो. जोड टेबलावर ठेवून हीलला बोटाने ढकल, डुलला तर नको. मग कोणाला तरी मागून बघायला सांग, उभं राहिल्यावर हील सरळ खाली गेली पाहिजे, आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलत असेल तर तुझ्या वजनाला ती पुरत नाही. बारीक हीलच घ्यायची असेल तर आत स्टीलची सळई आहे का विचार, नुसत्या प्लॅस्टिकची पुरुषाच्या वजनाखाली मोडू शकते. चामडं असेल तर मोची रुंदीला थोडं ताणून देतो, रेक्झिन ताणलं तरी परत आखडतं, आणि लांबी कशानेच वाढत नाही. चवड्याखाली जेलची पट्टी लावायची असेल तर दुकानातच लावून बघ, तिने आतली जागा कमी होते. आणि टाचेचं रबरी टोक झिजून आतली पिन दिसायला लागली की त्याच दिवशी बदल, हॉलच्या गुळगुळीत फरशीवर ती पिन घसरते म्हणजे घसरतेच.

नळस्टॉप:
यात रस्ता राहिला. आमच्या इथल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉकच्या फटी अशा आहेत की बारीक टाच आत गेली की सँडल तिथे आणि माणूस पुढे. कार्यालयाच्या दारात उतरून आत जाऊन बदलायच्या, रस्त्यावर घालूच नये.

फिजिओताई:
हे मात्र शंभर टक्के. घोटे मुरगळलेले पेशंट मला याच फटींनी दिलेत. आणि पोटरीच्या व्यायामाशिवाय पहिल्या दिवशी तीन इंच चढवू नका, निदान आठवडाभर घरात थोडा थोडा वेळ घालून चाला.

जुनाकट्टा:
मूळ प्रश्न विचारणारा मुलगा इथे कुठे दिसत नाही. त्याला कोणीतरी कळवा. मला पटत नाही ते नाहीच, पण घालणारच असेल तर पडू तरी नये.

लक्ष्मीरोडवाला:
कागदावर रेघ मारायचं सोपं आहे, ते आम्ही करून बघू. त्या मुलाला सांगा की मधल्या वारी दुपारी ये, दुकान रिकामं असतं, कोणी बघणार नाही आणि आमची पोरंही हसणार नाहीत ती जबाबदारी माझी. मात्र ४३ आमच्याकडे नाही. माप घेऊन कारखानदाराकडून एक जोड करून मागवू शकतो, जाड हील, पट्टा, पंधरा-वीस दिवस लागतील, निम्मे पैसे आधी, आणि ऑर्डरचा माल परत घेतला जाणार नाही.

पर्वतीपायथा:
कळवतो त्याला. लग्न कधी आहे ते विचारावं लागेल, वीस दिवस असतील का माहीत नाही. नसतील तरी मी येतोय, माझाही नंबर ४३.