मदत हवी आहे: आईला घेऊन भूतानची ग्रुप टूर
नमस्कार मंडळी, आम्ही परभणीकर. दिवाळीनंतर आईला (वय 66) भूतान दाखवायचंय. सीमेवर भारताच्या बाजूच्या जयगावला एक मुक्काम, मग थिंफू, पुनाखा, पारो मिळून चार रात्री, सोबत गाईड. भारतीयांना भूतानमध्ये माणशी दर रात्री 1200 रुपये सरकारी शुल्क आहे, म्हणजे आम्हा दोघांचे 9,600 पॅकेजच्या वर. ते मान्य.

खरी काळजी पारोच्या टाक्त्संग मठाची. तो 3,000 मीटरच्या वर. आईचा उजवा गुडघा धरतो. मागच्या नवरात्रात तुळजापूरला कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. घोडं अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातं म्हणे, पुढं पायीच. तिथून मठ समोर दिसतो, पण ग्रुप वर गेल्यावर आईजवळ थांबणारं कुणी असतं का? की मीच थांबावं? कुणी आईवडिलांना नेलं असेल तर नक्की सांगा.

आणखी एक. आईकडे पासपोर्ट नाही, आधार तिथं चालत नाही. मतदान कार्ड आहे, पण फोटो पार पुसट झालाय आणि नाव माहेरचं. परमिटला अडवतील का? आत्ताच नवीन कार्ड काढायला टाकू का?