मदत हवी आहे: सतारीच्या जुन्या कॅसेटमधला राग ओळखायचाय

सूरवेडा: कॅसेटवरून फाइल करून घेतली, पण लेबल पुसलंय. कोमल रे, तीव्र म, पंचम गायब. काका म्हणतात मारवा, मला पूरिया वाटतो. तानपुरा ॲपही जुळत नाही. लवकर सांगा, मित्राला पाठवायचीय.

गंधार_७: फाइल कुठाय? न ऐकता कसं सांगणार? शिवाय सोहनी रागाचेही तेच सूर. तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या सा भोवती, घुटमळतोय का?

सूरवेडा: नाही हो, आलाप मंद्रातच, खालच्या सप्तकात चाललाय. फाइल मोठी आहे, इथे चढत नाही.

जुनीतार: मग न्यास, म्हणजे कुठल्या सुरांवर थांबतात ते, ऐका. ग आणि नि वर विसावा असेल तर पूरिया. सा टाळून रे आणि ध वर उभं राहत असेल तर मारवा. खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची जाड तार वाजते का? नसेल तर सतारवादक विलायत खाँसाहेबांच्या वळणाची सतार असणार.

ठेका: राग राहू द्या, गत, म्हणजे तबल्यासोबतची रचना, तीनतालात आहे का? तबला ऐका, कलाकार लगेच कळतो.

जुनीतार: त्याने कलाकार विचारलाच नाहीये.

ठेका: तुम्हीच आधी खाँसाहेब काढलेत!

फीतवाला: ॲप का जुळत नाही, ते बघा आधी. सा नेमका कुठे येतो?

सूरवेडा: पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे.

फीतवाला: वाटलंच. मूळ ध्वनिमुद्रण कशावर झालंय?

सूरवेडा: कार्यक्रमात, बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरवर. त्याची नक्कल, आणि नकलेची ही नक्कल. सांगितलं नव्हतं का?

फीतवाला: नव्हतं! बॅटरी उतरली की मुद्रण होताना फीत सावकाश फिरते आणि नंतर वाजवताना सगळं चढं ऐकू येतं. वादन सुरू व्हायच्या आधीची शांतता निवडून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज, तो आलेख) काढा. हॉलच्या ध्वनियंत्रणेची विजेची घरघर ५० हर्ट्झला हवी. दोन शिखरं दिसली, तर ५० वरचं नक्कल करताना शिरलेलं, दुसरं कामाचं. त्या हिशोबाने 'स्पीड' बदला, 'पिच' नव्हे. नुसता पिच उतरवला तर लय चढीच राहील.

मेधा_क: माझ्या सतारीची बाजाची तार सारखी तुटते, कोणती घेऊ?

गंधार_७: वेगळा धागा काढा ना.

सूरवेडा: दुसरं शिखर ५२ ला आहे! वेग कमी केल्यावर सा काळी एकच्या जरासा खाली बसतोय. आणि आलाप सारखा रे वर येऊन थांबतो, सा लागतच नाही लवकर.

जुनीतार: मग मारवा. काकांना सांगा.

ठेका: गत ऐकल्याशिवाय मी नाही मानणार.

मेधा_क: पण तारेचं काय?