स्किनर्डमध्ये आता स्किनर्ड उरलंय तरी कोण?

गोदाकाठ (धागालेखक)

५ मार्च २०२३ ला गिटारवाला गॅरी रॉसिंग्टन गेला. लेनर्ड स्किनर्ड या सदर्न रॉक (अमेरिकेच्या दक्षिणेतला रॉक) बँडच्या स्थापनेपासूनच्या मंडळींपैकी तो शेवटचा. मला वाटलं, आता तरी पाटी उतरवतील. कुठलं काय! त्याच उन्हाळ्यात झीझी टॉपला जोडीला घेऊन टूर निघाली, पुढच्या वर्षीही निघाली. गंमत म्हणजे या बँडचा निरोपाचा दौरा २०१८ लाच सुरू झालाय. आपल्याकडे निघतो निघतो म्हणत पाहुणे चपला घालून दारात तासभर उभे राहतात, त्यातली गत.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची ही पोरं. शाळेत लांब केसांवरून मागे लागणाऱ्या पी.टी.च्या लेनर्ड स्किनर मास्तरांच्या नावाची स्पेलिंगं वाकडी करून बँडला लावली. १९७३ ते ७७ मध्ये पाच स्टुडिओ अल्बम. २० ऑक्टोबर १९७७ ला ग्रीनव्हिलहून बॅटन रूजला जाताना त्यांचं भाड्याचं कॉन्व्हेअर विमान इंधन संपून मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळ झाडीत कोसळलं. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवाला स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण कॅसी, सहायक रोड मॅनेजर आणि दोन्ही वैमानिक गेले. नवा अल्बम बाजारात येऊन तीन दिवस झाले होते आणि त्याच्या कव्हरवर सगळा बँड ज्वाळांत उभा होता. कंपनीने ते कव्हर घाईघाईने बदललं.

माझं म्हणणं एवढंच की तो बँड त्या संध्याकाळी संपला. रॉनी शब्द कागदावर लिहीत नसे, डोक्यात ठेवायचा. जे लक्षात राहत नाही ते ठेवण्याच्या लायकीचं नाही, असा त्याचा हिशेब. असा माणूस गेल्यावर मागे वही राहत नाही. वाचलेल्यांनाही हे कळलं होतं. हे नाव पुन्हा वापरायचं नाही, अशी शपथ त्यांनी आणि रॉनीच्या बायकोने घेतली होती. दहा वर्षांनी, १९८७ ला, रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी याला पुढे उभं करून श्रद्धांजलीची टूर काढली. श्रद्धांजली एकदा वाहतात हो. दरसाल वाहिली तर ते वर्षश्राद्ध, आणि इथे तर पंगतीला तिकीट आहे.

चिकटपट्टी

काडी टाकलीत तर घ्या. तुमच्याच न्यायाने ऑलमन ब्रदर्स बँड २९ ऑक्टोबर १९७१ ला संपायला हवा होता. त्या दिवशी जॉर्जियातल्या मेकनमध्ये त्यांचा गिटारवाला ड्युएन ऑलमन मोटरसायकलवरून पडून गेला, वय २४. वर्ष-सव्वावर्षात, ११ नोव्हेंबर १९७२ ला, तिथून दोन-तीन चौक पलीकडे बेसवाला बेरी ओकली तसाच मोटरसायकलवर गेला. वय तेच, २४. बँड ज्याने जमवला तो गेला, ज्याच्या बेसवर सगळं तोललेलं होतं तोही गेला.

पुढे काय झालं? १९७३ ला त्यांचं सगळ्यात गाजलेलं सिंगल आलं, अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत. त्याच जुलैत वॉटकिन्स ग्लेनला ‘ग्रेटफुल डेड’ आणि ‘द बँड’ या दोन बँडबरोबर जवळपास सहा लाख लोकांसमोर वाजवलं. श्राद्धाला इतकी माणसं जेवायला येत नाहीत, गोदाकाठराव.

गोदाकाठ

@चिकटपट्टी, उदाहरण बरोबर, पण ते माझ्या बाजूचं आहे. ड्युएन गेल्यावर त्यांनी काय केलं नाही ते बघा. त्याच्या जागी दुसरा स्लाइड (बोटात नळी घालून तारांवर घसरवत गिटार) वाजवणारा आणला नाही. चक लेव्हेल नावाचा विशीतला पियानोवाला आणला. गिटारीची खुर्ची रिकामी ठेवून शेजारी वेगळंच वाद्य मांडलं. दुसरा गिटारवाला डिकी बेट्स, त्याला एकट्याला पुढे यावं लागलं, गाणी कंट्रीकडे झुकली, बँडचा आवाजच बदलला. हे मला मान्य. स्किनर्डने उलट केलं, तेच आडनाव आणि मिळताजुळता गळा शोधला.

मावळतीची_मैना

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). मला सदर्न रॉकमधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण छान चाललंय. गोदाकाठ, दुसरा स्लाइडवाला आणला नाही म्हणता, पण पुढे त्याच बँडमध्ये डेरेक ट्रक्स आला ना? त्याची सरोदसारखी स्लाइड ऐकूनच मी इकडे वळले.

चिकटपट्टी

@मैना, एकदम बरोबर पकडलंत. त्याआधी १९८९ ला बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा वॉरन हेन्स आलाच होता, तोही स्लाइडवाला. डेरेक १९९९ ला आला, ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या, वय वीस. ड्युएन गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. सरोदचं म्हणाल तर ते तुमच्या कानांचे भास नाहीत. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचा प्रभाव तो उघड सांगतो आणि नुसरत फतेह अली खाँच्या कव्वाल्याही त्याने गिटारीवर वाजवल्यात. खुर्ची रिकामी ठेवल्याने बँड जगला म्हणता, मी म्हणतो पुढे ती योग्य माणसाला दिल्याने जगला.

पेन्सॅकोलाकर

मी फ्लोरिडात राहतो आणि स्किनर्डच्या त्या कधीच न संपणाऱ्या निरोपाच्या दौऱ्याला जाऊन आलोय. गोदाकाठ यांनी रेकॉर्डी ऐकल्यात, मी गर्दी पाहिली आहे. माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीचा बाप, पन्नाशीचा मुलगा आणि हायस्कुलातली नात. नातीला सगळी गाणी पाठ. रॉसिंग्टन खुर्चीत बसून वाजवत होता, हृदयाने केव्हाच दगा दिलेला. तो सूर लावायला जरा थांबला की सगळं मैदान थांबायचं. याला पंगत म्हणायची असेल तर म्हणा.

आणि १९८७ बद्दल अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या टूरमध्ये शेवटचं मोठं गाणं जॉनीने गायलं नाही. माइक रिकामा ठेवला, बँडने नुसती वाद्यं वाजवली आणि शब्द लोकांनी म्हटले. तुमची लाडकी रिकामी खुर्ची इथेही होती. ॲलन कॉलिन्स, संस्थापकांपैकी एक, विमान अपघातातून वाचला आणि १९८६ ला दारू पिऊन गाडी चालवताना मैत्रीण गमावून बसला, स्वतः कमरेखाली लुळा. तो व्हीलचेअरवरून स्टेजवर यायचा आणि आपण गिटार का वाजवत नाही ते लोकांना सांगायचा. १९९० ला गेला. ही माणसं पैशांसाठी नाव विकत होती असं इतक्या सहज म्हणू नका.

गोदाकाठ

रिकाम्या माइकचं मला ठाऊक होतं, सांगायला हवं होतं. मान्य. पण मग पुढे जॉनी ते गाणं गायला लागलाच की. माइक किती दिवस रिकामा राहिला?

सातबारा

भावना बाजूला ठेवून कागद बघू. (पेशाने वकील, म्हणून खोड.)

१९८७ च्या टूरनंतर रॉनीच्या विधवेने दावा लावला आणि १९८८ ला संमतीचा (दोन्ही बाजूंनी मान्य केलेला) हुकूम झाला. त्यात नाव कोणी, कधी, कसं वापरायचं याची कलमं आहेत. चाहते ज्याला तिघांचा नियम म्हणतात तो इथला. अपघाताआधीच्या बँडपैकी किमान तिघे स्टेजवर असतील तरच लेनर्ड स्किनर्ड हे नाव लावायचं. आता मोजा. बेसवाला लिऑन विल्कसन २००१ ला गेला, पियानोवाला बिली पॉवेल जानेवारी २००९ ला. गिटारवाला एड किंग हृदयामुळे १९९६ लाच बाहेर. ड्रमर आर्टिमस पाइल १९९१ पासून नाही. म्हणजे त्या विमानातला एकटा रॉसिंग्टन उरला, तरी गाडी चालूच.

दुसरा जो पुन्हापुन्हा सांगितला जातो तो रिकी मेडलॉक. तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या बँडचा ड्रमर होता आणि १९९६ ला गिटार घेऊन परतला. मधल्या काळात ब्लॅकफूट हा त्याचा स्वतःचा बँड. म्हणजे घरचाही आणि पाहुणाही.

मजा पुढे आहे. पाइलच्या आठवणींवर त्या अपघाताचा चित्रपट निघत होता, तर २०१७ ला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने याच १९८८ च्या हुकुमाचा आधार घेऊन तो अडवला. २०१८ ला अपिलात मनाई उठली. ज्या कागदाने नावावर लगाम घालायचा, तो स्वतःच्या टूरच्या वेळी सैल आणि दुसऱ्याच्या चित्रपटाच्या वेळी घट्ट. तीन माणसं नसताना नाव चालतं, कारण आक्षेप घेण्याचा हक्क ज्यांचा त्यांनी घेतला नाही तर हुकूम आपण होऊन चालत येत नाही. गोदाकाठ, तुमचं भांडण बँडशी नाही, वारसांशी आहे.

दिंडीदरवाजा

बाल गंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे १९१३ ला किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ लाच गेले होते, तरी कंपनीचं नाव तोवर किर्लोस्करच. तेव्हा कोणी नाकं मुरडली नाहीत. स्किनर्डलाच वेगळी फूटपट्टी का?

सातबारा

@दिंडीदरवाजा, कंपनीच्या संचात नट बदलणार हे गृहीत असतं. रॉक बँडमध्ये लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा बहुधा तेच चार-पाच जण. उदाहरण आवडलं, पण लागू पडत नाही. आणि नव्या लोकांनी नवं नाव घेतलं, हा तर गोदाकाठ यांचाच मुद्दा झाला की!

उतरंड

सगळे मरणावर बोलताय. मला वाटतं मरणाने हे बँड तुटले नाहीत, एकत्र राहण्याने तुटले.

ऑलमनचंच बघा. दोन मृत्यू पचवले आणि १९७६ ला फुटले कशावरून? ड्रग्जच्या खटल्यात ड्युएनच्या भावाने, ग्रेग ऑलमनने, ग्रँड ज्युरीपुढे आणि मग न्यायालयात स्वतःच्याच रोड मॅनेजरविरुद्ध साक्ष दिली. स्कूटर हेरिंग त्याचं नाव. त्याला ७५ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. पुढे ती टिकली नाही, पण तोवर घर मोडलं होतं. बाकीच्यांनी सांगून टाकलं की याच्याबरोबर पुन्हा वाजवणार नाही. ड्रमर जेमो, लेव्हेल आणि बेसवाला लमार विल्यम्स यांनी सी लेव्हल हा वेगळा बँड काढला. दोन वर्षांत बेट्स आणि ग्रेग पुन्हा एका स्टेजवर! १९८२ ला पुन्हा फाटलं, १९८९ ला पुन्हा शिवलं.

आणि २००० साली याच बँडने बेट्सला फॅक्सने कळवलं की उन्हाळ्याच्या टूरला तू नाहीस. ज्याने ड्युएननंतर बँड खांद्यावर घेतला त्याला कागद, तोही फॅक्सचा. समोरासमोर बसायचं धाडस तीस वर्षांच्या मैत्रीत उरलं नव्हतं. त्याची पिण्याची सवय वाईट होती हे खरं असेल. ग्रेगची काय कमी होती? बेट्स पुन्हा कधी त्या बँडबरोबर वाजवायला आला नाही.

एड किंगचं कोणी बोलत नाही. स्किनर्डच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याची ती सुरुवातीची गत त्याची. १९७५ च्या टूरमध्ये रात्री सामान उचललं आणि चालता झाला. रॉनीच्या दारूपायी होणारा रोजचा तमाशा त्याला सोसवेना. तो गेला म्हणून वर्षभराने स्टीव्ह गेन्स आला, बहिणीच्या शब्दावर. दीड वर्षात विमान. हे जर-तर मी नको तितक्या वेळा करून झालंय.

पेन्सॅकोलाकर

@उतरंड, बेट्सच्या फॅक्सवर सहमत, तो डाग आहेच. पण त्यानंतरची चौदा वर्षं हेन्स-ट्रक्सच्या जोडीने न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये जे वाजवलं, ते काही जणांना १९७१ च्या तोडीचं वाटतं. मी त्यातला एक. शेवटही त्यांनी स्वतः ठरवला. २८ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री सुरू केलेला कार्यक्रम मध्यरात्र उलटून २९ ला संपला. २९ म्हणजे ड्युएनचा दिवस.

गोदाकाठ

हे मात्र मान्य, आणि मला जे म्हणायचं होतं ते हेच. त्यांनी तारीख ठरवून दार लावून घेतलं. बुच आणि ग्रेग दोघेही २०१७ ला गेले, बेट्स एप्रिल २०२४ ला. ग्रेगनंतर कोणी ऑलमन ब्रदर्स नावाने तिकिटं विकली नाहीत.

बाकी सातबारांचा मुद्दा मला रात्रभर टोचला. माझं भांडण वारसांशी आहे असं तुम्ही म्हणालात. जॉनी वारसच आहे. १९८७ पासून गातोय, म्हणजे थोरल्या भावाने गायली त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं. त्याला किती दिवस बदली गायक म्हणायचं, हे मला सांगता येत नाही. मेडलॉकचंही तेच. पण या नावाने नवा अल्बम आला तर मी विकत घेणार नाही, एवढा माझा हट्ट राहू द्या.

चिकटपट्टी

गोदाकाठ, हट्ट मंजूर. ज्या पी.टी.च्या मास्तरांचं नाव लावून हे सगळं चाललंय, ते स्वतः २०१० ला गेले. मूळ स्किनर्ड तेव्हाच संपला म्हणा की.

मावळतीची_मैना

हाहा. साउथ कॅरोलायनाच्या स्पार्टनबर्गचा मार्शल टकर बँड आहे ना, त्यात मार्शल टकर कोण? शोधून आले. बँडमधला कोणीच नाही. ते एका अंध पियानो ट्यूनरचं नाव, तालमीच्या जागेच्या किल्लीला अडकवलेलं सापडलं म्हणे. मुख्य गाणी लिहिणारा टॉय कॉल्डवेल ऐंशीच्या दशकात बाहेर पडला, त्याचा भाऊ टॉमी त्याआधीच १९८० ला अपघातात गेला. मूळच्यांपैकी डग ग्रे तेवढा नाव चालवतोय. त्याला कोणी शपथ घातली नव्हती, त्यामुळे मोडायचा प्रश्नच आला नाही.

उतरंड

@मैना, कालपर्यंत तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं ना?