संत्र्याच्या बागेत डिंक्या रोग, मृगाला पंधरा दिवस उरलेत: मदत हवी आहे

नमस्कार. वरूड तालुक्यात आमची अडीच एकर संत्राबाग आहे. ६ बाय ६ मीटरवर २८० झाडं, नववं वर्ष, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) जंबेरीचा, जमीन काळी भारी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं बाग मीच बघते. परवा चुन्याच्या खुणा करत सगळी बाग फिरले. ३१ झाडांच्या बुंध्याला डिंक आहे.

जमिनीपासून वीतभर वर साल काळपट, ओलसर दिसते. नखानं दाबली की आत मऊ लागते आणि आंबूस वास येतो. डिंक तांबूस, थेंबाथेंबानं ओघळलेला. जाळी किंवा भुसा कुठेच नाही, म्हणजे साल खाणारी अळी नसावी. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात. फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. यंदा सल (वाळक्या फांद्या) काढली तर दोन ट्रॉल्या भरल्या. जिवाला लागलं ते वेगळंच. गेल्या आंबिया बहाराला सहा झाडं अशी फुलली होती की पान दिसत नव्हतं. बाबा त्यांच्यापुढे उभे राहून म्हणाले, "यंदा हीच झाडं घर चालवतील." त्यातली चार पावसाळ्यात उभी वाळली.

त्यातल्या एकाच्या मुळाशी उकरून पाहिलं. तंतुमुळं चिमटीत धरून ओढली, तर साल बोटांत राहिली आणि आत नुसता दोरा.

दोन पावसाळे मी कृषी केंद्रातून मिळालेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आळ्यात ओतत होते. फरक शून्य. मग वाचायला बसले तेव्हा कळलं की डिंक्या ज्याच्यामुळे होतो त्या फायटोप्थोराला आपण बुरशी म्हणतो खरं, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, शेवाळाच्या नात्यातला आहे. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात शेपटी हलवत मुळापर्यंत पोहत जातात. कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उकरताना आणखी एक दिसलं. कलमाचा डोळा (जिथे कलम बांधलं तो सांधा) चार बोटं मातीखाली गाडला गेलाय. बाबा दरवर्षी मायेनं बुंध्याला मातीची भर द्यायचे. पाणी पाटानं, आळं एकच, तेही बुंध्याला टेकून. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

बाग मृग बहारासाठी ताणावर आहे, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलंय. बुंध्याची माती आत्ताच काढू की पाऊस पडल्यावर? मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या औषधाची आळवणी (मुळाशी ओतणं) आत्ता केली तर ताण मोडेल ना? सात झाडांची साल अर्ध्या घेराहून जास्त गेलीय, ती ठेवू की काढू? आणि तुटाळीत (गेलेल्या झाडांच्या जागी) परत संत्राच लावायचा तर खुंट कोणता?

प्रतिसाद

ताई, लक्षणं डिंक्याचीच आहेत. आमच्याकडे काटोलला भारी जमिनीत हेच भोगलंय.

माती आजच काढा. फावडं नको, खुरप्यानं हळूहळू, साल सोलू देऊ नका. डोळा मोकळा झाला पाहिजे आणि बुंध्याकडून बाहेर उतार राहिला पाहिजे, नाहीतर खड्डा होऊन पाणी तिथंच साचेल. मग धारदार चाकूनं सडलेली साल खरवडा, चांगली ताजी साल लागेपर्यंत. खरवडलेलं बागेत टाकू नका, गोळा करून जाळा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का द्रावणानं धुवा आणि वर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना ५ लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या बादलीत, मग एकत्र. लोखंडी भांडं नको. पेस्ट ज्या दिवशी कराल त्याच दिवशी संपवा. बुंध्याला तीन फुटांपर्यंत, निरोग्या झाडांनाही. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा.

आळवणी आत्ता नको, ताण मोडेल. चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की लिटरला अडीच ग्रॅम, झाडाला १० लिटर. ट्रायकोडर्मा (रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी) शेणखतातून द्यायचं असेल तर मध्ये पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, एकदम दिलं तर मॅन्कोझेबनं तेच मरतं. कुणी फोसेटिल हे औषध सुचवलं तर ते ताम्रयुक्त औषधात मिसळू नका, झाडाला इजा होते.

पण ताई, औषधापेक्षा पाणी बघा. दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात, बुंधा कोरडा. पावसाचं पाणी निघायला दोन ओळींच्या मध्ये उताराला चर काढा. आम्ही चर काढले त्या वर्षी नवीन झाडांना रोग लागणं थांबलं, तोवर औषधावर नुसता पैसा जात होता.

ती सात झाडं काढा. मन होत नाही, मला माहीत आहे. मुळांसकट काढा, खड्डा उन्हात तापू द्या. नवीन कलम रंगपूर लाइम खुंटावरचं बघा, या रोगाला ते जंबेरीपेक्षा जास्त तग धरतं. डोळा जमिनीपासून नऊ इंच वर असलेलंच घ्या. आणि बाबांना सांगा. भर देणं त्या काळी सगळेच करत होते.

धागाकर्ती

भाऊ, खूप आभार. २४ झाडांना पेस्ट लागली, सात काढली. निरोगी झाडांना उद्यापासून लावते. चर निम्मे झालेत.

बाबांना सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग विचारलं, "किती बोटं खाली होता?" दुसऱ्या दिवशी बांधावर बाज टाकून बसले आणि पेस्टची बादली जवळ मागवली. खिशातला चाकू मिनिटभर बुडवून काढला, पात्यावर तांबूस लेप आला होता. "चुना कमी आहे, अजून घाल," म्हणाले. तिसऱ्यांदा पातं स्वच्छ निघालं तेव्हा कुठे बादली सोडली.

माती आणि मुळांचे नमुने नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत घेऊन जाते आहे. तोवर एवढं हवंय: रंगपूर खुंटावरची कलमं काळ्या भारी जमिनीत कुणी स्वतः लावली असतील, तर झाडाची वाढ आणि फळाची साल कशी निघाली ते लिहा. कलमं मागवायच्या आधी मला ते ऐकायचं आहे.