घोडबंदरच्या गच्चीवरून नऊ वर्षांच्या मुलीला आकाश कसे दाखवावे?

प्रश्न (पालक, घोडबंदर रस्ता)
आमची मुलगी चौथीत आहे आणि ग्रहताऱ्यांविषयी बरेच वाचते; परंतु गच्चीवर नेले की रस्त्यावरच्या दिव्यांमुळे जेमतेम दहा-बारा तारे दिसतात आणि ती हिरमुसते. वाढदिवसाला दुर्बीण घ्यावी असे घरात चालले आहे. एवढ्या उजेडात तिचा उपयोग होईल का?

उत्तर (निवृत्त शिक्षक, नेरूळ)
दुर्बीण इतक्यात घेऊ नये. तारे थोडे दिसतात ही नवशिक्यासाठी सोयच आहे, कारण जे दिसतात ते ठळक असतात आणि हिवाळ्यात मृग, व्याध, रोहिणी ओळखताना गोंधळ होत नाही. आधी तिला मोजायला शिकवा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचा सुमारे 10 अंश व्यापते. मुलांची मूठ लहान असली तरी हातही आखूड असल्याने हिशोब फारसा बिघडत नाही. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकीच असते. ठाण्याचे अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर आहेत, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास दोन मुठी उंच दिसायला हवा. शुद्ध तृतीयेपासून रोज सायंकाळी एकाच वेळी चंद्राची जागा वहीत काढली, तर तो दररोज मुठीहून थोडा जास्त पूर्वेकडे सरकतो, हे तिचे तिलाच कळेल.

उत्तर (पालक, कोपरी)
दिवसाही पुष्कळ करता येते. आम्ही गच्चीत उभी काठी रोवून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण केली. सर्वांत आखूड सावली बाराला पडेल अशी मुलाची खात्री होती, पण ती पडली साडेबारानंतर. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आणि आपण त्याच्या पश्चिमेला 73 अंशांच्या आसपास, म्हणून सूर्य आपल्याकडे माध्यान्हीला उशिरा येतो, हे समजावण्यात मग जेवण राहिले. मे महिन्याच्या मध्यास, 15-16 तारखेच्या सुमारास, भर दुपारी ही सावली काठीच्या पायाशीच नाहीशी होते. तोच योग जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग कुठे ऊन पडू देतात!

उत्तर (हौशी निरीक्षक, वाशी)
गुरुजींशी सहमत आहे, तथापि 10×50 ची (दहापट मोठे दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण, घ्यायला हरकत नाही. हात स्थिर टेकवल्यास गुरूचे चंद्र शहरातूनही दिसतात. चंद्राची विवरे पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या आसपास पाहावीत, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात. द्विनेत्री सूर्याकडे मात्र कधीही रोखू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

प्रश्नकर्त्या पालक
काल ध्रुवतारा सापडला, पण मुलीच्या मापाने तो दीडच मूठ भरला. तिचे म्हणणे आहे की ठाणे दक्षिणेला सरकले.

उत्तर (निवृत्त शिक्षक, नेरूळ)
मोजणी कठड्याच्या कडेपासून केली असणार, आणि कठडा तिच्या डोळ्यांहून उंच असेल. क्षितिज डोळ्यांच्या पातळीला धरून तिला पुन्हा मोजू द्या.